बॅटरीच्या चार्जची पारख

मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा विद्युतघट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी ही बॅटरी पूर्ण चार्ज असताना प्रत्यक्षात १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखवते. इंजिन बंद करून काही तास उलटल्यावर मल्टिमीटरवर १२.२ व्होल्ट दिसले, तर चार्ज जवळपास निम्म्यावर आल्याचे मानले जाते. इंजिन चालू असताना मात्र अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे वीजजनित्र, बॅटरी चार्ज करत असल्याने हा आकडा साधारण १४ व्होल्टपर्यंत चढतो आणि त्यावरून साठ्याचा अंदाज बांधता येत नाही.

बुचे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर अधिक भरवशाचा ठरतो: रबरी फुगा दाबून सोडला, की काचेच्या नळीत आम्ल चढते आणि आतला तरंगक त्याची विशिष्ट घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील जडपणा, दाखवतो, जी पूर्ण चार्जला सुमारे १.२७ असते आणि चार्ज उतरेल तशी घटते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिल्यास प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. ‘सल्फेशन’ नावाच्या या प्रक्रियेने तिची क्षमता कायमची घटू शकते, म्हणून बराच काळ उभ्या असलेल्या वाहनाची बॅटरी वाहनधारकांनी अधूनमधून तपासून वेळीच चार्ज करून घ्यावी.