वंशावळ काढताना
(गणेशोत्सवातील युवा संध्येत केलेले भाषण)



आम्ही दोघी चुलत बहिणी. उस्मानिया विद्यापीठाच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहोत. जेनेटिक्स, म्हणजे आनुवंशिकी, हा विषय घेतला तेव्हा घरी पहिला प्रश्न आला, "ह्यात नोकरी कुठली?" दुसरा आजीचा, "केळ्यावरची चिलटं मोजायला एवढी फी भरता?"

चिलटं मोजावी लागतात हे खरंच. त्यांची एक पिढी १०-१२ दिवसांत तयार होते, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळं एका सेमिस्टरमध्ये बघता येतं. मेंडेलने वाटाणे मोजले, ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. आमचा हिशेब इतका सुबक कधी आला नाही. थोडी चिलटं नेहमी उडून जातात!

पण आज सांगायचंय ते दुसऱ्या वर्षाच्या एका प्रॅक्टिकलबद्दल. स्वतःच्या घराची वंशावळ काढायची होती. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी. घरातल्या जुन्या वंशावळीत नावं फक्त पुरुषांची. म्हणून वही घेऊन आजीसमोर बसलो. दुहेरी रेघा ३ निघाल्या. मामाची मुलगी करायची रीतच होती. त्यातल्या एका रेघेखाली अशी ३ मुलं आली, ज्यांच्याबद्दल आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. आजीच्या धाकट्या बहिणीची. पांढरीफटक पडायची, पोट फुगायचं, आणि तीन-चार वर्षांची होऊन गेली.

"सगळ्यांनी तिलाच पांढऱ्या पायाची म्हटलं," आजी म्हणाली. मग जरा थांबून, "मीही एकदा म्हणाले."

कागदावरून निदान होत नाही, पण आम्हाला थॅलेसेमियाची शंका आली. त्यात आई आणि बाप दोघंही वाहक असावे लागतात. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. एकट्या आईकडून हा आजार येत नाही. घरातल्या ११ जणांनी रक्ताची एचबी ए-टू तपासणी करून घेतली. आजी सगळ्यात आधी. तिघं वाहक निघाले: आजी, एक काका आणि आमच्यातली एक. वाहक माणूस ठणठणीत असतो, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. तरी काकू म्हणालीच, "बाहेर बोलू नका, स्थळं यायची नाहीत." तिला समजवायला दोन महिने लागले. दोघं वाहक असले तरी लग्न मोडायचं कारण नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता येते. फक्त ते आधी माहीत हवं. पत्रिकेला दिलेल्या वेळातला अर्धा तास ह्याला द्या, एवढंच मागणं आहे.

आजीची ती बहीण परभणीला असते. विसर्जन झालं की आम्ही तो कागद घेऊन तिच्याकडे जाणार आहोत. आजीही येते म्हणालीय.