‘ऐकत नाही’ म्हणजे नेमकं काय?

(वैराग येथे पालक, शिक्षिका व अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आपल्या मराठीत ‘ऐकणं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कानावर पडणं हा एक आणि सांगितलं तसं वागणं हा दुसरा. ‘पोरगी ऐकत नाही’ म्हणताना आपल्या मनात बहुतेक वेळा दुसराच अर्थ असतो. या दोन अर्थांच्या मध्ये काही मुलं अडकतात. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

याच भागातली दुसरीतली एक मुलगी. बाई म्हणाल्या, वर्गात लक्ष नसतं. आजी म्हणाली, बहिरी असेल. आईनं मजुरी बुडवून सोलापूरला नेऊन कान तपासले. ऐकू व्यवस्थित येत होतं. झालं! ऐकू येतं तरी ऐकत नाही, म्हणजे मुद्दाम करते, असं घरानं ठरवलं. मार पोरीला आणि बोल आईला. ‘तूच वळण लावलं नाहीस.’

मी तिच्याशी घरी ओट्यावर बसून बोलले, तेव्हा तिनं ऐकलेली गोष्ट पूर्ण सांगितली. वर्गात मात्र पत्र्याचं छप्पर, शेजारच्या वर्गात पाढे, बाहेर ट्रॅक्टर. ‘वही काढा, बारावं पान उघडा, तिसरं गणित सोडवा,’ असं बाईंनी म्हटलं की ही वही काढायची आणि शेजारणीकडे बघत बसायची. शुद्धलेखनात ‘गाडी’च्या जागी ‘काडी’.

कान आवाज आत पोचवतो. पण त्यातून शब्द वेगळा काढायचं काम मेंदू करतो. सुपात धान्य पाखडावं तसं. बाजाराच्या गलक्यात ओळखीच्या बाईची हाक आपल्याला कळते ती त्यामुळेच. काही मुलांना हे पाखडणं जड जातं. याला श्रवण-प्रक्रियेतली अडचण म्हणतात. ऐकण्याची नेहमीची तपासणी शांत खोलीत, एकेक आवाज ऐकवून होते. त्यामुळे तिच्यात ही अडचण सापडत नाही. बुद्धी कमी असण्याशी हिचा संबंध नाही.

पण म्हणून प्रत्येक न ऐकणाऱ्या मुलाला हे नाव चिकटवू नका. आधी कान तपासा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं की काही दिवस कमी ऐकू येतं. कान वाहत असेल तर तेल अजिबात घालू नका, डॉक्टरकडे न्या. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांना मुलाच्या ऐकण्याबद्दल मुद्दाम सांगा. मुलाच्या मनात धास्ती आहे का, घरची भाषा वेगळी आहे का, हेही बघा. प्रक्रियेच्या खास चाचण्या श्रवणतज्ज्ञ करतात. सहसा सात वर्षांच्या आधी त्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. मुलाला पुढे, खिडकी-दारापासून लांब बसवा. आधी नाव घ्या, त्यानं तुमच्याकडे बघितलं की मग बोला. एका वेळी एकच सूचना द्या आणि फळ्यावरही लिहा. ‘कळलं का?’ विचारलं की मूल मान डोलावतं. त्यापेक्षा ‘काय करायचं, सांग बरं,’ असं विचारा. घरी टीव्ही बंद करून बोला. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. शिक्षिकांनो, ही मेहेरबानी नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार अध्ययन अक्षमता लवकर ओळखून शिकवण्यात योग्य उपाय करणं हे शाळांचं कर्तव्य आहे. या कायद्यानं दिलेल्या 21 प्रकारांच्या यादीत आपल्या अडचणीचं वेगळं नाव नाही. पण अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बोललेली भाषा समजून घेण्यातली अडचण येते.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येते. न समजलेला मुलगा पुष्कळदा दंगा करतो, म्हणून तो नजरेत भरतो. मुलगी शेजारणीचं बघून लिहिते आणि गप्प राहते. आपण तिला ‘गरीब पोर’ म्हणतो. चौथी-पाचवीत धडे मोठे होतात, तोंडी शिकवणं वाढतं, ती मागे पडते. मग ‘हिचं डोकं चालत नाही, बसू दे घरी’. घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या मुलीला बाईंनी पहिल्या बाकावर घेतलं. अडचण गेलेली नाही, शुद्धलेखनही अजून चुकतं. पण मध्यंतरी मी वर्गात बसले होते, तेव्हा तिनं हात वर केला आणि म्हणाली, ‘बाई, परत सांगा.’

मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं की एकदा सांगितलेलं ऐकायचं, उलट विचारायचं नाही. आपल्या मुलींना परत विचारू द्या. आणि त्यांनी विचारलं, की न रागावता परत सांगा.