तांब्याची पेअर, काचेचा तंतू आणि महिन्याचं बिल

2005 च्या जानेवारीत बीएसएनएलने टेलिफोनच्याच तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. दर महिना 500 रुपयांपासून, वेग 256 केबीपीएस आणि डेटा मोजूनमापून. पुढे रात्री 2 ते सकाळी 8 डेटा मोकळा असलेले प्लॅन आले. पोरं गजर लावून मध्यरात्री उठायची, डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपायची. 2020 च्या ऑगस्टअखेरीस जिओफायबरने 30 एमबीपीएसचा प्लॅन 399 रुपयांना आणला. वेग शंभरपटीहून जास्त आणि पैसे उलट कमी! तंत्रज्ञान सुधारलं म्हणून, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण थोडा हिशेब मांडून पाहू.

टेलिफोनला दोन तारांची जोडी लागते. लाइनमन तिला पेअर म्हणतात. तार अर्धा मिलिमीटर जाडीची आणि एक्स्चेंज घरापासून 3 किलोमीटरवर आहे असं धरा. एका घरासाठी साधारण साडेदहा किलो तांबं लागलं. तांब्याचा भाव टनाला 10 हजार डॉलर धरला, तर नुसता धातूच 9 हजार रुपयांच्या आसपास जातो. 2024 च्या मे महिन्यात लंडनच्या धातूबाजारात हा भाव 11 हजारांच्याही वर गेला होता. आता तेवढ्याच लांबीचा काचेचा तंतू, म्हणजेच फायबर, घ्या. जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातल्या काचेचं वजन भरतं जेमतेम 80 ग्रॅम! शिवाय हा तंतू प्रत्येक घराला एक्स्चेंजपासून वेगळा लागत नाही. वाटेत स्प्लिटर बसवून एकावर 32 किंवा 64 घरं जोडतात, आणि त्या स्प्लिटरला वीजसुद्धा लागत नाही.

एवढं महाग तांबं तेव्हा परवडलं कसं? कारण ते आधीच पुरलेलं होतं. टेलिफोनसाठी झालेला खर्च केव्हाच होऊन गेला होता. ब्रॉडबँडसाठी एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रणा आणि घरी मोडेम एवढंच वाढलं. खरा भार आला तो नंतर, सांभाळण्याचा. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरतं, लाइन खरखरते. कुठे जेसीबी केबल तोडतो, तर कुठे चोर तांब्यासाठी केबलच कापून नेतात. काचेला भंगारात कोणी विचारत नाही, हा फायबरचा एक मोठाच गुण म्हणायचा.

फायबरचा खर्च मात्र काचेत नसतोच. तो असतो खोदाईत, परवानग्यांत, रस्ता पूर्ववत करून देण्यासाठी पालिकेत भरायच्या पैशांत आणि स्प्लायसिंग, म्हणजे तंतूंची जोडणी, करणाऱ्या माणसांच्या मजुरीत. म्हणून तर आपल्या शहरांत फायबर खांबांवरून आणि गच्च्यांवरून लोंबताना दिसतं. दिसायला वाईट, पण खोदाई वाचते. शिवाय एकदा गल्लीत फायबर पोचलं की ग्राहक जितके जास्त, तितका घरटी खर्च कमी. एकाच इमारतीत तीन कंपन्यांचे प्रतिनिधी बेल वाजवतात आणि डोंगरावरच्या वाडीला कोणी विचारत नाही, त्यामागचं गणित हेच. तिथे बाजार आपणहून जात नाही, म्हणून केंद्र सरकारला 2011 मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर करावी लागली. आज ती भारतनेट नावाने ओळखली जाते. पण ग्रामपंचायतीपर्यंत पोचणं वेगळं आणि घरात पोचणं वेगळं.

आता दराकडे येऊ. तांब्यावरचा वेग अंतराने ठरायचा. एक्स्चेंजजवळच्या घराला चांगला वेग, चार-पाच किलोमीटरवरच्या घराला रडतखडत चालणारं कनेक्शन, आणि बिल मात्र दोघांना सारखंच. तांब्यावरच्या एडीएसएल-2-प्लस तंत्राची कागदावरची कमाल 24 एमबीपीएस होती. ती फार थोड्या घरांनी पाहिली असेल. फायबरमध्ये उलटं झालं. 30 एमबीपीएसवाला आणि 300 एमबीपीएसवाला, दोघांच्या घरात तंतू तोच. वेगाची मर्यादा कंपनी आपल्या यंत्रणेतून ठरवते. नळ तोच, तोटी कंपनीच्या हातात! म्हणजे वरच्या प्लॅनचे जादा पैसे तारेचे मुळीच नसतात. त्यात थोडा वाढीव वापराचा खर्च असतो, थोडे चित्रपट-मालिकांच्या ॲपचे पैसे असतात, आणि बाकी गिऱ्हाईक किती देईल याचा अंदाज. माझ्या मते दर खाली आले त्याचं निम्मं श्रेय काचेचं असेल, तर निम्मं स्पर्धेचं. जिथे एकच कंपनी आहे, तिथे तीच काच महाग पडते.

तेव्हा कनेक्शन घेताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा आणि वर्षाचे एकूण पैसे विचारा. 399 वर 18 टक्के जीएसटी धरला की 471 होतात. जोडणीचं शुल्क माफ म्हणतात, तेव्हा सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात का, आणि मध्येच कनेक्शन बंद केलं तर त्यातले परत किती मिळतात, हे लिहून घ्या. 'अमर्याद' डेटा कितीनंतर मंदावतो तेही विचारा. महिन्याला 3300 जीबी असेल तर काळजी नको, रोजचे 110 जीबी घरात सहसा संपत नाहीत. जुना लँडलाइन नंबर ठेवायचा असेल, तर तो फायबरवर नेता येईल का, याची चौकशी आधीच करा.

एक एचडी चित्रपट 5 एमबीपीएसमध्ये नीट चालतो. चौघांच्या घराला 30 ते 50 एमबीपीएस पुरतात, 300 ची गरज क्वचितच असते. वेगाइतकाच विजेचाही विचार करा. जुना फोन एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा, म्हणून घरातली वीज गेली तरी वाजायचा. फायबरचं यंत्र घरच्या विजेवर चालतं आणि वीज गेली की इंटरनेटही जातं. जिथे भारनियमन आहे, तिथे महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरसाठी एक छोटा यूपीएस घ्या.