घरचा संगणक आणि नवी कार्यप्रणाली

(डिचोली तालुक्यातील एका वाचनालयात शिक्षक, पंचायत कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयाच्या चिटणीसांनी विषय म्हणून मला एकच प्रश्न लिहून पाठविला : "घरच्या संगणकावर विंडोजची दहावी आवृत्ती आहे, अकरावी घालावी की घालू नये?" या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणारा मनुष्य बहुधा विक्रेता असतो, नाहीतर त्या यंत्रात स्वतःचे काहीच न ठेवलेला. मी तंत्रज्ञ नव्हे, कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा यंत्राच्या मालकाच्या बाजूने बोलणार आहे, हे आरंभीच सांगतो.

विंडोज ही संगणकाची कार्यप्रणाली होय. पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि आपले लेखन यांचा परस्परांशी व्यवहार तीच घडवून आणते. तिची दहावी आवृत्ती २०१५ च्या जुलैमध्ये आली, अकरावी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. दहाव्या आवृत्तीचा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रे नेहमीप्रमाणे सुरू झाली, आणि पुष्कळांनी म्हटले, "पाहा, काही बिघडले नाही!" ते खरेच होते. कौल फुटलेले घरदेखील पहिली सर येईपर्यंत ठीकच दिसते.

आधार थांबणे म्हणजे काय, हे एका घटनेवरून कळेल. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. तो शिरला तो विंडोजमधील एका दोषातून, आणि त्या दोषाची दुरुस्ती कंपनीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध करून दिलेली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइलींना कुलूप लागले आणि किल्लीसाठी खंडणी मागण्यात आली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. केरळात काही ग्रामपंचायतींच्या कार्यालयांतील संगणकही त्यात अडकले होते. पंचायतीच्या संगणकाला कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. असा प्रोग्राम घर पाहून येत नाही. उघडे दार पाहून येतो. आणि आधार संपलेल्या कार्यप्रणालीत नवे दोष सापडत राहतात, दुरुस्ती मात्र येत नाही.

दुसरी अडचण हळूहळू येते. विंडोज सातचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला; क्रोम या ब्राउझरने मात्र आणखी तीन वर्षे, २०२३ च्या आरंभापर्यंत, तिला साथ दिली आणि मग सोडली. म्हणजे बँकेचे वा शाळेचे संकेतस्थळ ज्यातून उघडायचे, ते साधनच पुढे जुने होत जाते.

तर मग अकरावी आवृत्ती घ्यावी. पण यंत्राने ती घेतली पाहिजे. कंपनीच्या अटी कडक आहेत : चार जीबी स्मृती, चौसष्ट जीबी साठवण, आणि 'टीपीएम' नावाची सुरक्षाचिप, तीही दुसऱ्या पिढीची. इंटेलचा प्रोसेसर असेल तर, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचा हवा. ही पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. यंत्रावर 'आय-फाइव्ह ७२००' असे लिहिलेले असेल, तर ती सातवी पिढी होय आणि अधिकृतपणे दार बंद. यंत्र उत्तम चालत असूनही ते बंद, हे मला पटलेले नाही. पण अट तशी आहे. चार जीबी ही संख्याही कागदावरची समजावी. आठ नसतील तर काम रेंगाळते.

कंपनीचाच 'पीसी हेल्थ चेक' नावाचा विनामूल्य प्रोग्राम हे सर्व तपासून सांगतो. त्याने 'नाही' म्हटले म्हणून लगेच यंत्र भंगारात काढू नका. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते, परंतु बायोसच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेले असते. दुकानदाराला प्रथम ते पाहावयास सांगा, नव्या यंत्राचा भाव नंतर विचारा.

जे यंत्र खरोखरच पात्र नाही, त्यासाठीही वाटा आहेत. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केली. त्यासाठी कंपनीचे खाते उघडावे लागते. ही मुदतवाढ आहे, सुटका नव्हे. लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली जुन्या यंत्रावर चांगली चालते. केरळच्या सरकारी शाळांतून ती अनेक वर्षे वापरात आहे. मात्र तुमचा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजवरच चालणारा असेल, तर प्रथम त्याची चौकशी करा. आणि ज्या यंत्राचा उपयोग केवळ प्रश्नपत्रिका टंकलिखित करण्यापुरता आहे, त्याची इंटरनेटची तार काढून ते आहे तसे वापरण्यातही गैर काही नाही. मात्र त्यात येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह तपासून घ्यावा लागेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा राहिलो, ती सांगतो. माझ्या वडिलांनी उतारवयात आमच्या कुळागराची हकीकत मला सांगून लिहविली होती. पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची कोणत्या दिवशी, बांध कोणी घातला, कोणते झाड कोणाच्या हातचे. चाळीसेक पाने झाली होती. काही वर्षांपूर्वी संगणकावर नवी कार्यप्रणाली घालावयाची म्हणून मी तो दुकानात नेला. तेथील मुलाने विचारले, "सी ड्राइव्हमधले काही ठेवायचे आहे का?" मी म्हणालो, "माझे सगळे समोर पडद्यावरच आहे." पडद्यावर जे दिसते ते सी ड्राइव्हमध्येच असते, हे मला ठाऊक नव्हते, आणि त्याने अधिक विचारले नाही. संध्याकाळी यंत्र परत आले. ते लख्ख, वेगवान आणि रिकामे होते. दोष माझाच. वडील तेव्हा हयात नव्हते.

एका जुन्या पेनड्राइव्हवर पहिली अकरा पाने मिळाली. ती उघडली तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ! लेखन जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये केलेले होते आणि तो फाँट नव्या प्रणालीत नव्हता. एका छापखान्यातील अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी तो फाँट शोधून मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. उरलेली पाने गेली ती गेली.

म्हणून शिक्षकांना माझी विशेष विनंती आहे. जुन्या फाँटमधील प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची नाटके, गावाचा इतिहास जे काही असेल, ते जुने यंत्र चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये करून घ्या. दोन प्रती काढा, पैकी एक घराबाहेर ठेवा. प्रत काढली एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या यंत्रावर ती उघडून पाहा. छपाईयंत्र जुने असेल, तर त्याचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीसाठी मिळतो का, तेही आधी विचारा. अकरावी आवृत्ती केवळ चौसष्ट बिटांची आहे. बत्तीस बिटांच्या दहाव्या आवृत्तीवरून येणाऱ्यांना सर्व पुसूनच नवी घालावी लागते.

दिवसही पाहून निवडा. परीक्षेच्या निकालाचा आठवडा नको आणि मार्चअखेर तर नकोच. आपल्याकडे पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि कार्यप्रणाली अर्धवट बसलेली असताना वीज गेली तर यंत्र पुन्हा उठेलच असे नाही. लॅपटॉप असेल तर भरलेल्या बॅटरीवर आणि चार्जर जोडून; टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस आहे ना, हे पाहून.

ज्यांनी आपल्या यंत्राचा क्रमांक लिहून आणला असेल, त्यांनी चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात. वाचनालयाचा संगणक येथे सुरू आहे. आपण एकेक पाहू.