वार्धक्य आणि श्रवण



घरातील वृद्धांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. शांत खोलीत विचारलेल्या प्रश्नाचे आजोबा अचूक उत्तर देतात. पण सणासुदीला घर पाहुण्यांनी भरले, की भलतेच काही बोलतात किंवा गप्प बसतात. “त्यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते,” असे मग म्हटले जाते. हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो.

मानवी अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी नळी असते. तीत सुमारे १२,००० बाह्य व ३,५०० आंतर रोमपेशी असतात. बाह्य पेशी क्षीण कंपने प्रबळ करतात. आंतर पेशी त्यांचे रूपांतर संदेशात करून सुमारे ३०,००० मज्जातंतूंद्वारे ते मेंदूकडे पाठवितात. पेशी व तंतू यांना जोडणारे सांधे अतिसूक्ष्म असतात.

रोमपेशी नष्ट झाल्यानेच वार्धक्यात बधिरता येते, असे दीर्घकाळ मानले जाई. २००९ साली शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून निराळी बाजू दाखविली. मोठ्या आवाजानंतर उंदरांची श्रवणक्षमता पूर्ववत झाली, रोमपेशीही शाबूत राहिल्या. सांधे मात्र मोठ्या संख्येने कायमचे तुटले. वाढत्या वयात हे सांधे रोमपेशींच्याही आधी घटतात, हे पुढील संशोधनात आढळले. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कर्णास्थींतही तशाच खुणा दिसल्या.

दहा तारांपैकी चार तुटल्या, तरी घंटा वाजल्याचे कळते. लांबलचक निरोप मात्र अर्धवट पोहोचतो. म्हणूनच शांततेतील तपासणीत कान निर्दोष ठरूनही गलबल्यात शब्द निसटू शकतात. त्यात वयोमानाने उंच पट्टीचे ध्वनी मंदावले, की ‘स’, ‘श’ ही व्यंजने प्रथम हरवतात.

तुटलेले सांधे श्रवणयंत्राने जुळत नाहीत. तथापि उरलेल्या श्रवणशक्तीस त्याचा मोठा आधार मिळतो. यासाठी तपासणी वेळीच करून घ्यावी. तरुणांनी गोंगाटापासून कान जपावेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली आहे. तिचे पालन ही उद्याच्या वृद्धांची आजच घेतलेली काळजी होय.

घरच्यांनी तरी ओरडू नये. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. तत्पूर्वी रेडिओ वा दूरचित्रवाणी बंद करावी. न ऐकू आल्यामुळे माणूस हळूहळू संभाषणातून आणि मग माणसांतून उठून जातो. त्याला परत बोलावणे सर्वस्वी इतरांच्या हाती असते.