कागदाचे तुकडे आणि घरची आठवण

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मग्रामवासीयांसमोर केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं ज्यांनीं हें मंदिर उभारिलें व राखिलें त्यांच्या कार्याचें वर्णन इतर वक्ते करतील. आम्हांस नेमून दिलेला विषय फार लहान आहे. बिस्किटांचा रिकामा डबा, जुन्या लग्नपत्रिका, नाताळाचीं भेटकार्डें आणि रंगीत कागदांचे कपटे ह्यांपासून शोभेचा डबा व त्यांत मावेल अशी चिमुकली स्मरणवही कशी करावी, हा तो विषय होय. ऐकणारांपैकीं कोणी म्हणेल, हा तर मुलींचा फावल्या वेळचा खेळ. महोत्सवाच्या सभेंत त्याला स्थान कशाला? परंतु महोत्सव म्हणजे तरी काय? गेलेल्या दिवसांचें कृतज्ञतेनें केलेलें स्मरण. तें स्मरण ज्या साधनांनीं टिकतें तीं साधनें क्षुद्र मानूं नयेत, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

प्रभूनें पांच भाकरी व दोन मासे ह्यांवर पांच हजारांस जेवूं घातलें, ही कथा आपण सर्व जाणतां. तिचा शेवट मात्र आपण घाईनें वाचतों. सर्वजण तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा त्यानें शिष्यांस केली, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला अन्न वाढवितां येतें त्याला तुकड्यांची काय गरज? तरीही त्यानें ते टाकूं दिले नाहींत. इंग्रजींत जिला 'स्क्रॅपबुक' म्हणतात त्या वहीच्या नांवाचा अर्थही हाच आहे: तुकड्यांची वही.

कागदाचे तुकडे भक्तीच्या कामीं लावण्याची रीत आपल्या ख्रिस्तसभेंत जुनी आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत फ्रान्समधील मठवासी भगिनी कागदाच्या अरुंद पट्ट्या, कित्येकदां सोनेरी कडेच्या, गुंडाळून त्यांच्या वेलबुट्ट्या करीत आणि संतांच्या पवित्र अवशेषांभोंवतीं चौकटींत बसवीत. दुरून पाहणाराला तें सोन्याच्या तारेचें काम वाटे. जवळ जाऊन पाहावें तों साधा कागद! त्याच काळीं बारीक चाकूनें कागद किंवा चर्मपत्र कोरून जाळीदार किनार काढीत आणि मध्यें एखाद्या संताचें चित्र रंगवीत. चाकूच्या फ्रेंच नांवावरून अशा चित्रांस 'कानिव्हे' म्हणत. पुढें १७९६ च्या सुमारास झेनेफेल्डर ह्यानें म्यूनिक येथें शिळाछापाची युक्ति काढली. एकोणिसाव्या शतकांत रंगीत छपाई स्वस्त झाली, जाळीचा कागद यंत्रावर निघूं लागला, आणि पॅरिसमधील सेंट सुल्पीस मंदिराच्या आसपासच्या दुकानांतून अशीं पवित्र चित्रें दूरदूरच्या देशीं गेलीं. आपल्या पणजीच्या प्रार्थनापुस्तकांत जाळीच्या कांठाचें एखादें चित्र सांपडलें, तर तें ह्याच परंपरेंतलें आहे असें समजावें.

वृद्ध भगिनींसाठीं एक उदाहरण येथें सांगतों. इंग्लंडांतील मेरी डिलेनी ह्या बाईंचा जन्म १७०० सालचा. पतीच्या निधनानंतर, वयाच्या ७२ व्या वर्षीं, त्यांनीं रंगीत कागद कातरून फुलांचीं हुबेहूब चित्रें चिकटविण्यास आरंभ केला, आणि दृष्टि मंद होईपर्यंत, सुमारें दहा वर्षांत, अशीं नऊशेंहून अधिक चित्रें पुरीं केलीं. तीं आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जतन केलेलीं आहेत. "आतां आमच्याच्यानें काय होणार?" असें म्हणणाऱ्या आजीबाईंनीं हें ध्यानांत ठेवावें.

कोणी विचारील, चर्चमध्यें नोंदवह्या असतां घरीं आणखी वही कशाला? १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें विवाहांची नोंद ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंस केली, आणि ती पद्धति आजतागायत चालू आहे. आपला स्नानसंस्कार कोणत्या दिवशीं झाला, धर्ममातापिता कोण होते, हें चर्चची वही सांगते. परंतु बाळाच्या अंगावरील झबलें कोणाच्या हातचें होतें, लग्नांत उंबराचें पाणी आणतांना कोणत्या काकूंनीं गाणें उचलिलें, पहिल्या कम्युनियनच्या दिवशीं आजोबा कोणत्या गांवाहून चालत आले, हें ती सांगत नाहीं. तें सांगणारी वही घरींच व्हावयास पाहिजे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम डबा. पत्र्याचा डबा म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. मुलामा खरचटला कीं तेथें गंज चढतो, आणि आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेंत तो लवकर चढतो. म्हणून डबा धुऊन उन्हांत पूर्ण कोरडा करावा, बाहेरून कांचकागदानें हलकेंच घांसावा, फडक्यानें पुसावा आणि तेलरंगाचा एक हात देऊन दोन दिवस वाळूं द्यावा. मग झांकण बसवून त्याची कड जेथवर खालीं येते तेथें शिसपेनीनें रेघ मारावी. शोभेचा कागद त्या रेघेच्या खालींच लावावयाचा. वरपर्यंत लावल्यास झांकण बसत नाहीं, आणि जोरानें दाबल्यास कागद सोलून निघतो. पत्र्यावर पिठाची खळ धरत नाहीं; तेथें फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद घ्यावा. कागदाची पट्टी डब्याच्या घेरापेक्षां एक सेंटिमीटर अधिक कापावी आणि जोड मागील बाजूस आणावा. फुलें, वेल, कागदी जाळी हीं सर्व ह्या बाहेरच्या बाजूसच शोभतात. आंत कांहींएक न चिकटवितां स्वच्छ पांढरा कागद अंथरावा.

नंतर वही. डबा आंतून १२ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद आहे असें धरूं. जाड कागदाची ८ सेंटिमीटर रुंद व ८८ सेंटिमीटर लांब पट्टी घेऊन तिला दर ११ सेंटिमीटरांवर, एकदां पुढें व एकदां मागें, पंख्यासारख्या घड्या घालाव्या. एवढा लांब कागद न मिळाल्यास एक पट्टी ४५ व दुसरी ४४ सेंटिमीटर घेऊन एक सेंटिमीटरचा जोड द्यावा. जोड बरोबर घडीवर येतो व दिसत नाहीं. लांकडाप्रमाणें कागदालाही रेषा असते. कागद दोन्ही दिशांनीं हलकेंच वांकवून पाहावा, आणि ज्या दिशेनें तो सहज वांकतो त्या दिशेनें घडी घालावी, म्हणजे ती तडकत नाहीं. पहिल्या व शेवटच्या घडीच्या पाठीस कापडानें मढविलेला पुठ्ठा लावावा. तो पानाहून प्रत्येक बाजूस दोन मिलिमीटर मोठा असावा. अशा रीतीनें पुढील बाजूस ८ व मागील बाजूस ६ मिळून १४ पानें हातीं येतात. एका कुटुंबाच्या एका पिढीस तीं पुरतात. अधिक भरण्याचा लोभ धरल्यास वही फुगते आणि डब्यांत बसत नाहीं.

येथवर हाताचें कौशल्य झालें. आतां जें सांगावयाचें तें विवेकाचें आहे, आणि त्यासाठींच आम्ही आज उभे आहोंत.

सजावट ही आठवणीची दासी आहे, धनीण नव्हे. सुंदर वही करण्याच्या भरांत मूळ वस्तूच कापली, तर रक्षकानेंच घर लुटल्यासारखें होईल. आजोबांचा एकुलता एक फोटो गोल कातरून फुलांत बसविला, म्हणजे मागें उभें असलेलें घर गेलें, पायांतील वहाणा गेल्या, शेजारीं उभ्या असलेल्या मुलाचा हात गेला. ज्याची दुसरी प्रत नाहीं त्याला कात्री लावूं नये. त्याची प्रत काढावी, आणि कात्री प्रतीवर चालवावी. 'निरोप्या' मासिक १९०३ सालीं सुरू झालें. त्याचे जुने अंक ज्यांच्या पेट्यांत असतील त्यांनीं चित्रांसाठीं ते कापूं नयेत.

फोटो पानावर गोंदानें चिकटवूं नये. कागदाचे चार त्रिकोणी कोपरे करून ते पानावर चिकटवावे व त्यांत फोटो अडकवावा, म्हणजे तो केव्हांही काढून पाठीमागचें वाचतां येतें. पारदर्शक चिकटपट्टी तर मुळींच वापरूं नये. कांहीं वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदांत मुरतो आणि तो डाग जात नाहीं. कागदावर कागद लावण्यास गव्हाच्या पिठाची ताजी खळ उत्तम. जुने पुस्तकबांधणारे तींत मोरचूद घालीत. परंतु तें विष आहे, मुलांच्या हातीं देऊं नये. थोडी खळ करावी व उरली तर टाकावी. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा असल्यामुळें त्यांत आम्ल उत्पन्न होऊन तो पिवळा व ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदासही डागाळतो. म्हणून कात्रणाची प्रत चांगल्या कागदावर काढून तीच वहींत लावावी. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशीं वस्तू डब्यांत ठेवाव्या, आणि वर्षांतून एकदोनदां डबा सावलींत उघडून वारा लागूं द्यावा, म्हणजे कसर लागली असल्यास वेळींच कळते.

आशीर्वादित चित्रांविषयीं विशेष काळजी घ्यावी. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या आपण उकिरड्यावर टाकीत नाहीं. त्यांची राख होऊन ती राखेच्या बुधवारीं आपल्या कपाळीं येते. तोच आदर पवित्र चित्रास द्यावा. सजावटीसाठीं त्याचे तुकडे करूं नयेत. फाटून निरुपयोगी झालें असल्यास तें जाळावें किंवा मातींत पुरावें.

परंतु सर्वांत मोठी हानि कात्रीनें होत नाहीं, कसरीनेंही होत नाहीं. ती नांव न लिहिल्यानें होते. प्रत्येक घरीं असा एखादा फोटो असतो, कीं ज्यांतील चार माणसांपैकीं दोघांस आजी ओळखते, एकास बाबा ओळखतात, आणि चौथ्यास कोणीच ओळखीत नाहीं. आजी गेली म्हणजे ओळख आणखी घटते. नोव्हेंबरच्या २ तारखेस आपण सर्व मृत भाविकांसाठीं प्रार्थना करितों, आणि आपल्या माणसांचीं नांवें धर्मगुरूंकडे देतों. ज्या चेहऱ्याला नांवच उरलें नाहीं त्याचें नांव आपण कोणत्या चिठ्ठीवर लिहिणार? परमेश्वर त्याला विसरत नाहीं, ही आपली श्रद्धा आहे. पण आपण विसरलों, ह्याचा जाब आपल्यालाच द्यावयाचा आहे. ज्याच्या घामानें आपलें शेत पिकलें, ज्यानें ह्या मंदिराच्या पायांत दगड वाहिला असेल, तो आपल्याच घरांत परका होऊन बसावा, ही थोडीथोडकी दुःखाची गोष्ट नव्हे.

आजकाल छायाचित्रें मोबाईलमध्यें असतात आणि तीं संख्येनें हजारों असतात. तीं वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. दूरदेशीं गेलेल्या मुलाचें मुख त्यांमुळें रोज दिसतें. परंतु हजारांतून चौदा निवडणें, त्यांखालीं कोण, कोठें, केव्हां हें लिहिणें, हें काम यंत्र आपल्यासाठीं करीत नाहीं. त्याला प्रेम लागतें, आणि प्रेमाला वेळ लागतो.

तेव्हां आमची विनंति एवढीच आहे. येत्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसावें. पुढें एकच जुना फोटो ठेवावा, आणि तें माणूस जें सांगेल तें लिहून घ्यावें: नांव, गांव, साल, प्रसंग. जुन्या कागदी फोटोच्या पाठीस कडेला मऊ शिसपेनीनें हलक्या हातानें लिहावें. गुळगुळीत फोटोवर शिसपेन उमटत नाहीं, त्याच्यासाठीं वेगळी चिठ्ठी ठेवावी. लेखन हें पहिलें काम. डबा, वही, फुलें, जाळी हीं त्यामागून येऊं द्या. पुढील महोत्सवास आपल्यापैकीं कित्येक ह्या बाकांवर नसतील. तेव्हां जीं मुलें येथें बसतील त्यांस आपलीं नांवें ठाऊक असावीं, आणि त्या नांवांनिशीं त्यांनीं आपल्यासाठीं एक प्रार्थना म्हणावी, इतकें जरी आपल्या हातच्या एका डब्यानें साधलें तरी तो सत्कारणीं लागला असें आम्ही समजूं.

प्रभु आपल्या घरांस, घरांतील वृद्धांस आणि त्यांच्या आठवणींस आशीर्वाद देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.