दोन मोर जुळवून बघा

आज हप्ते, कर्ज, बैठकीचं रजिस्टर जरा बाजूला ठेवू. आज एका कापडाबद्दल बोलायचंय, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींकडे कलमकारीचा एखादा ब्लाउज असेलच. त्यावर मोर असतात, कमळं असतात, कुठे देवीचा चेहरा असतो. कोणत्याही सुती साडीवर तो खुलून दिसतो. म्हणूनच मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या गटाला स्टॉल मिळाला, तेव्हा पापड-कुरडयांच्या जोडीला मी ठोक बाजारातून कलमकारीचा एक गठ्ठा आणला. दुकानदार म्हणाला, "हाताने रंगवलेली आहे, ताई." मी विश्वास ठेवला आणि पाटी लिहिली: हाताने रंगवलेली कलमकारी, ब्लाउज पीस ₹१२०.

समोरचा स्टॉल आंध्र प्रदेशातल्या सासू-सुनेचा होता. त्या श्रीकालहस्तीहून आल्या होत्या. तिरुपतीला गेलेल्या अनेक जणी कालहस्तीच्या महादेवालाही जाऊन येतात, तेच गाव. त्यांच्याकडे एक दुपट्टा ₹२,८०० चा होता. गिऱ्हाईक यायचं, किंमत ऐकायचं, आमच्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "समोर तर सव्वाशेच्या आत मिळतंय. पंधराशेला देता का?" दोन दिवसांत आमचे सव्वीस पीस गेले. मी खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांनी आमचा एक पीस उचलला, त्यावरचे दोन मोर एकमेकांवर जुळवून धरले आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "दोनो मोर एक. ये मशीन." भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. मला मात्र मान वर करवेना.

संध्याकाळी मीच त्यांच्याकडे जाऊन बसले. तेलुगूतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, म्हणून मीही त्यांना अक्का म्हणू लागले. त्यांनी मला सगळं काम समजावून सांगितलं. कोरं सुती कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात भिजवून वाळवायचं. दुधामुळे रंग पसरत नाही. हिरडा म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बायका गोळा करतात तोच. मग चिंचेच्या काडीच्या कोळशाने चित्र रेखाटायचं. कलम म्हणजे बांबूची टोकदार काडी. तिला लोकर किंवा चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधतात, ती रंग पिते, बोटांनी दाबलं की रंग खाली उतरतो. काळा रंग लोखंडाचे गंजके तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून होतो, त्याला आठवडे लागतात. जिथे तांबडं हवं तिथे तुरटीचं पाणी लावायचं आणि मंजिष्ठेसारख्या मुळ्यांसोबत कापड उकळायचं. प्रत्येक रंगानंतर वाहत्या पाण्यात धुणं आणि उन्हात वाळवणं आलंच.

मी गटाचा हिशेब करते तसा त्यांचाही हिशेब मांडला. दुपट्ट्याला एका बाईचे बारा दिवस. कापड, रंग, येण्याजाण्याचा खर्च मिळून ₹७००. उरले ₹२,१००. म्हणजे रोजाचे ₹१७५. आमच्या गावात खुरपणीला ₹३०० मिळतात. आणि तोच दुपट्टा पंधराशेला दिला तर रोजाला जेमतेम ₹६६ पडतात. अशा कामाला सून तरी किती दिवस बसेल?

गावी परतल्यावर बैठकीत मी सगळं सांगितलं. एक जण म्हणाली, "गिऱ्हाईकाला काय कळतंय?" त्यावर आमच्या काकू म्हणाल्या, "आपली घरची कुरडई मशीनच्या भावात मागतात, तेव्हा पोटात कसं होतं गं?" सगळ्या गप्प झाल्या.

आता आमच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असतं: छापील कापड. विक्री थोडी कमी झाली, पण बंद पडली नाही. अक्कांकडून आम्ही वीतभर आकाराचे रंगवलेले तुकडे मागवतो, अर्धे पैसे आगाऊ पाठवतो आणि ते साध्या ब्लाउजच्या पाठीवर शिवतो. अख्खा दुपट्टा न परवडणारीलाही खरं काम अंगावर घालता येतं, आणि आमच्या शिलाईलाही पैसे सुटतात.

मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. आंध्रातच मछलीपट्टणमकडे लाकडी ठशांनी छापलेली कलमकारी असते. तीही हाताचीच कारागिरी आहे. श्रीकालहस्ती आणि मछलीपट्टणम, दोन्हींच्या कलमकारीला भौगोलिक मानांकन आहे. मशीनचं कापड विकण्यातही पाप नाही. फक्त ज्याचं नाव त्यालाच द्यावं. घेताना दोन मोर, दोन फुलं जुळवून बघा. कलमाने काढलेली दोन फुलं तंतोतंत सारखी येत नाहीत. ठशाच्या कामात जोडावर कुठे ना कुठे हात हललेला दिसतो. सगळं हुबेहूब सारखं असेल तर ते मशीनचं. आणि खरं हाताचं असेल तर घासाघीस करण्याआधी विचारा, "याला किती दिवस लागले?" उत्तर ऐकून मग भाव बोला. गटाने माल मागवला तर उधारीवर मागवू नका. आपल्या पापडाचे पैसे व्यापारी तीन महिने अडकवतो तेव्हा आपली काय गत होते, हे आपल्याला माहीत आहे.

ते सव्वीस पीस मला परत आणता येणार नाहीत. ते घेणाऱ्या बायका आजही ते हाताचं समजून नेसत असतील. त्यातली कुणी आज रेडिओ ऐकत असेल, तर बाई, चूक माझी होती. तुमच्या ब्लाउजवरचे दोन मोर एकदा जुळवून बघा.